खांडसच्या वाटेने

"आजोबा, जीप कुठून सुटते?"

खांडसला उतरल्यावर नातवाचा पहिला प्रश्न हा. त्याच्या वर्गातला एक मुलगा ताडोबाला जाऊन आला होता आणि अभयारण्य म्हणजे काय ते त्याने याला नीट समजावून दिले होते. तिथे फाटक असते, तिकीट असते, उघडी जीप असते, आणि जीपमध्ये बसून सगळ्यांनी दबक्या आवाजात 'वाघ, वाघ' म्हणायचे असते. इथे त्याच्यासमोर होती एक चहाची टपरी, दोन आळसावलेली कुत्री, भात कापून झालेली खाचरे आणि त्यांच्या मागे, आकाशाचा निम्मा भाग अडवून उभी राहिलेली सह्याद्रीची काळी भिंत.

"जीप नाही. त्या भिंतीच्या वर आणि अंगाखांद्यावर आहे ते अभयारण्य. चालत जायचं."

आजोबा थट्टा करताहेत की काय, म्हणून त्याने आईकडे पाहिले. आई बुटाच्या नाड्या आवळत होती.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत ते पसरलेले आहे. रायगडच्या वाट्याला आलेला तुकडा कर्जत तालुक्यातला. पण भीमाशंकरला जाणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना हा तुकडा ठाऊक नसतो. ते पुण्याच्या बाजूने, राजगुरुनगर किंवा मंचर-घोडेगाव करत, गाडीने थेट पायऱ्यांच्या तोंडाशी उतरतात. ज्योतिर्लिंगाचे दर्शन, पेढे, कणसे, परत गाडी. आपण एका अभयारण्यातून गेलो आणि आलो हे त्यांना वनखात्याच्या पाटीवरून कळते, तेही गाडीची काच खाली असली तर. दर्शनाला जाणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण जंगल पाहायचे असेल तर देवाकडे कोकणातून जावे, हे माझे चाळीस वर्षांचे मत आहे आणि ते कुणीतरी ऐकावे म्हणून नातवाला पकडून आणले होते.

कर्जतला येणे सोपे. डोंबिवलीहून पहाटेची लोकल धरली की उजाडता उजाडता माणूस कर्जतला. मुंबईपासून शंभर किलोमीटरवरचे हे स्टेशन. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना इथे बोरघाट चढण्यासाठी मागून ढकलणारी इंजिने लावतात, आणि तेवढ्या मुक्कामात वडेवाल्यांचा धंदा होऊन जातो. आम्ही लोकलने आलो असल्यामुळे घाई नव्हती. तरी वडे उभ्यानेच खाल्ले. कर्जतचा वडा बसून खाल्ला तर लागत नाही.

पुढचा प्रवास मात्र थोडा नशिबाचा. खांडसला एसटी जाते, पण तिच्या वेळा धरून ठेवणारा माणूस गावातलाच हवा. आम्ही स्टेशनबाहेरून कशेळेपर्यंत वाटणीची रिक्षा घेतली आणि कशेळ्याहून खांडसपर्यंत दुसरी. मंडळी चार-पाच असतील तर कर्जतहूनच एक गाडी ठरवावी आणि भाडे आधी बोलून घ्यावे. रस्ता तासाभराचा आहे आणि तोही पाहण्यासारखा. उजव्या हाताला कोथळीगडाचा सुळका दिसू लागतो. इकडची माणसे त्याला पेठचा किल्ला म्हणतात. डाव्या अंगाला, लांबवर, सिद्धगड. २ जानेवारी १९४३ रोजी तिथे माथेरानचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. भिवपुरीचे टाटांचे वीजघर १९२२ पासूनचे. त्याची वीज मुंबईला नेणारे मनोरे पाडणे हे कोतवालांच्या आझाद दस्त्याचे एक काम होते. नातवाला हा भाग वाघाच्या खालोखाल आवडला.

खांडसहून वर जायच्या वाटा दोन. शिडी घाट आणि गणेश घाट. शिडी घाट जवळचा, सरळसोट, आणि नावाप्रमाणे कातळाला टेकवलेल्या लोखंडी शिड्यांचा. तरणीताठी मंडळी तिकडूनच जातात आणि नंतर वर्षभर त्याच्याच गोष्टी सांगतात. लहान मूल, पाठीवरचे ओझे किंवा पाऊस यांपैकी एकही गोष्ट बरोबर असेल तर तिकडे जाऊ नये. पावसाळ्यात त्या शिड्यांवरून पाणी वाहते, आणि घसरलेल्याला खाली धरायला काही नाही. गणेश घाट लांबचा, वळणावळणाचा, वाटेत गणपतीचे देऊळ असलेला. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी कर्जतच्या खेड्यांतली माणसे, म्हातारीकोतारीसुद्धा, याच वाटेने देवाला जातात. पाच-सहा तास धरून चालावे. उंची सुमारे तीन हजार फूट चढायची आहे हे मुलांना आधी सांगू नये.

आणि वाटाड्या घ्यावा. 'खुणेचे बाण आहेत, मोबाइलमध्ये नकाशा आहे' असे म्हणणारी मुले दरवर्षी पदरगडाच्या रानात रात्र काढतात. आम्हाला खांडसजवळच्या एका वाडीतले गृहस्थ मिळाले. वय पन्नाशीचे, अंगाने काटकुळे, पायात रबरी चप्पल. माझ्या सातशे ग्रॅमच्या बुटांकडे त्यांनी एकदा पाहिले आणि काही बोलले नाहीत. मी त्यांना दादा म्हणू लागलो, ते मला बाबा.

पहिला दीड तास उन्हातला आणि दमवणारा. कारवीची खोडे दोन्ही अंगांना. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. आम्हाला तिचे नुसते काटकुळे रूप मिळाले. नातू दर दहा मिनिटांनी 'आलं का?' विचारत होता आणि दादा दर वेळी गंभीरपणे 'हे काय, आलंच' म्हणत होते. गणपतीच्या देवळाशी पाणी प्यायलो. तिथून पुढे झाडी दाट होते आणि वाट पदरगडाच्या कुशीतून वर सरकते.

इथे 'पदर' हा शब्द समजून घ्यायला हवा, कारण शहरात तो फक्त साडीला उरला आहे. सह्याद्री कोकणात उतरताना एका दमात उतरत नाही. वरचा कडा कोसळतो, मग मध्ये एक सपाटीची पट्टी येते, मग पुन्हा उतार. ही मधली पट्टी म्हणजे पदर. वरून वाहून आलेली माती, झिरपणारे पाणी आणि दोन्ही बाजूंनी आडोसा यांमुळे पदरावर रान माजते. म्हणून पदरगड, म्हणून पदरवाडी. शिडी घाट आणि गणेश घाट या दोन्ही वाटा याच पदरावर एकत्र येतात.

पदरावर एका झोपडीत चहा मिळाला. चहाबरोबर दादांची गोष्टही मिळाली, आणि खरे सांगायचे तर तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

दादांची बहीण पदरावर दिली आहे. इथे गाडीचा रस्ता नाही. वर भीमाशंकर, खाली खांडस, दोन्हीकडे पायांनी. माणूस आजारी पडला की त्याला झोळीत घालायचे. दोन बाजूंना बांबू खांद्यावर घेऊन चौघेजण उतरतात, चौघे बदलीला बरोबर. खाली पोचले की गाडी शोधायची आणि मग कर्जत. "भाच्याच्या बायकोला असंच नेली, पावसात," दादा म्हणाले. "दिवस भरलेली. मी पुढच्या बांबूला होतो. वाट सगळी शेवाळलेली. पोरगी ओरडायची थांबली तेव्हा जास्त भ्यालो."

"मग?" माझ्या मुलीने विचारले.

"पोचलो. दोघं बरी हायेत." त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "पण दर वेळी पोचतो असं नाही ना, ताई."

माझा चहा निवून गेला होता. कारण पंधरा मिनिटांपूर्वीच, गणपतीच्या देवळाशी, मी मुलीला मोठ्या उत्साहाने सांगत होतो की बघ, इथे रस्ता नाही हे किती बरे आहे.

हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आलो. इर्शाळवाडीतही म्हटले होते. खालापूर तालुक्यात, द्रुतगती मार्गावरून जाताना ज्याच्या माथ्याचे आरपार नेढे दिसते तो इर्शाळगड. त्याच्या पायथ्याशी, चौकपासून तासा-दीड तासाच्या चढणीवर, ही ठाकरांची वाडी होती. नव्वदच्या दशकात गडावर जाताना दोनदा तिथे थांबलो होतो. एका घरातल्या आजींनी पाणी दिले, ओसरीवर बसू दिले. नाचणी वाळत घातली होती. 'रस्ता नाही म्हणून ही वाडी अशी राहिली आहे,' असे आम्ही मित्रांनी परतताना ठरवून टाकले, आणि ते आम्हाला फार शहाणपणाचे वाटले. १९ जुलै २०२३ च्या रात्री वरचा डोंगर त्या वाडीवर आला. मदतीला धावलेल्यांना अंधारात, पावसात, चिखलातून तीच पायवाट चढावी लागली. यंत्रे वर नेता आली नाहीत, माती फावड्या-कुदळींनी उपसली. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसे मिळालीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला. दूरदर्शन संचावर मी ती ओसरी शोधत होतो. ओळखीचे काहीच दिसत नव्हते.

रस्ता असता तर डोंगर आला नसता असे नाही, हेही खरे. याच भीमाशंकरच्या डोंगररांगेच्या पलीकडे, आंबेगाव तालुक्यात माळीण आहे. तिथे रस्ता होता, एसटी जात होती. ३० जुलै २०१४ च्या सकाळी एसटीचा चालक नेहमीच्या फेरीला गेला आणि त्याला गावच दिसले नाही. बातमी बाहेर आली ती त्याच्यामुळे. दीडशेच्या वर माणसे गेली. तेव्हा रस्ता म्हणजे तारण आणि पायवाट म्हणजे मरण असा हिशेब मांडता येत नाही. पण झोळीचा बांबू ज्याच्या खांद्यावर आहे त्याला हा सगळा ऊहापोह ऐकवण्याचे धाडस माझ्यात नव्हते.

खांडसकडून वर भीमाशंकरपर्यंत गाडीरस्ता न्यावा ही मागणी या भागात जुनी आहे. मी दादांना तसे विचारलेच. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "रस्ता झाला तर तुम्ही चालत कशाला याल? मला कोण नेईल बरोबर? सगळे गाडीत बसून वर जातील. इथं थांबणार पण न्हाईत." थोड्या वेळाने, उठता उठता, "पण पदरापर्यंत ॲम्ब्युलन्स यायला पायजे. तेवढं पायजे."

तेवढेच आणि तिथपर्यंतच, असा रस्ता आपल्याकडे कुणी बांधल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

पदर सोडला की शेवटची चढण लागते आणि जंगलाचा स्वभाव बदलतो. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा. झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतलेले, खाली दिवसाही सावलीच. दादांनी बोट ओठावर ठेवले. नातू आता इतका दमला होता की गप्प बसायला त्याला सांगावे लागले नाही. आम्ही तसेच उभे राहिलो. पाच मिनिटे, दहा मिनिटे. वरून एक कर्कश, खडखड वाजणारा आवाज आला, मग पानांचा एक झुपका हलला, आणि फांदीवर ते बसलेले दिसले. शेकरू.

खारीचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून शेकरू पाहायला गेलेला माणूस हबकतो. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत हा प्राणी जवळजवळ तीन फूट भरतो. पाठ तांबूस तपकिरी, पोट फिकट पिवळसर, आणि शेपटी अशी झुबकेदार की ती एक वेगळेच जनावर वाटावी. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी. पुष्कळ मुलांना राज्यप्राणी वाघच असणार असे वाटते. माझ्या नातवालाही वाटत होते. शेकरू एकच घरटे बांधून थांबत नाही, काटक्या आणि पानांची अनेक घरटी वेगवेगळ्या झाडांवर बांधते. एकदा मान वर करायची सवय झाली की ते काटक्यांचे गोळे जागोजागी दिसू लागतात. रेने बोर्जेस या अभ्यासक बाईंनी या जंगलात शेकरांचा अभ्यास केला. फळांच्या टंचाईच्या दिवसांत शेकरू काय खाते आणि तेव्हा उंबरवर्गातली झाडे किती उपयोगी पडतात, हे त्यांनी इथल्या आणि कर्नाटकातल्या जंगलात तपासले होते. तासन् तास मान वर करून बसायचे काम. आमची दहा मिनिटांतच अवघडली.

शेकरू जमिनीवर क्वचित उतरते. खाणे, झोपणे, पिल्लू वाढवणे, शत्रूपासून पळणे, सगळे शेंड्यांवरून. एका उडीत ते वीस फूट अंतर पार करते. आता हिशेब मांडा. दुपदरी रस्ता नुसता डांबराचाच तेवीस फुटांचा होतो. त्याला दोन्ही बाजूंच्या कडा, गटारे आणि घाटात कापलेली दरड जोडा. ज्याला आपण वळणदार सुंदर रस्ता म्हणतो ती शेकराच्या दृष्टीने न ओलांडता येणारी दरी असते. ती ओलांडायची तर खाली उतरायचे, आणि उतरायचे तर कुत्रे, बिबट्या किंवा आपली गाडी. वरच्या बाजूने रस्ता मंदिरापर्यंत आलेलाच आहे. खालच्या बाजूचे, कोकणाकडच्या उताराचे रान अजून सलग आहे ते केवळ तिथे पायवाट आहे म्हणून. आणि त्याच पायवाटेवरून झोळी उतरते. या दोन गोष्टी मला एका जागी ठेवता येत नाहीत. दादांनाही येत नसाव्यात, नाहीतर ते इतका वेळ गप्प राहिले नसते.

नातवाने मात्र वाघाचा विषय नंतर काढला नाही. "त्याने माझ्याकडे बघितलं," एवढेच तो आईला चार वेळा म्हणाला.

माथ्यावर पोचलो तेव्हा दोन वाजले होते. कोकणकड्याच्या कडेवरून खाली पाहिले तर पदरगड खेळण्यासारखा दिसत होता आणि सकाळची टपरी कुठे असेल याचा नुसता अंदाज. देऊळ आडबाजूला, खोलगटात आहे. त्याच्या शिखराचे काम नाना फडणवीसांच्या काळातले. १७३९ च्या चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत आल्या, त्यांतली एक इथे आहे, आवर्जून पाहावी. भीमा नदीचा उगम इथलाच. ती पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते आणि रायचूरजवळ कृष्णेला मिळते. ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी दर्शन आटोपून गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागावे. तिथे झाडी आहे आणि मन शांत असेल तर तिथेही शेकरू भेटते.

मुक्काम करणाऱ्यांसाठी दोन शब्द. वनखात्याचे नियम विचारून घ्यावेत, रात्री जंगलात एकट्याने फिरू नये. पण देवळाच्या आसपास कुठे राहिलात आणि मे संपत आला असेल, तर झाडेच्या झाडे काजव्यांनी उघडमीट करताना दिसतात. भर पावसात कुजक्या लाकडांवर मंद हिरवट उजेड येतो. तो एका बुरशीचा, भुताचा नव्हे. आणि एक गंमत, जी मला वाचनातून कळली: या जंगलात एका जातीचा मोठा काळा भुंगा आहे जो चक्क रात्री, चंद्र नसतानाही, फुले शोधत उडतो. हेमा सोमनाथन आणि रेने बोर्जेस यांनी इथेच त्याचा शोध घेतला. जगातल्या फार थोड्या मधमाशा-भुंग्यांना हे जमते. वारसाची फुले रात्री उमलतात. त्यांच्याकडे हा येतो. दिवसा देवळापुढची रांग पाहून परत फिरणाऱ्याला या अंधारातल्या रहदारीची कल्पना येणार नाही.

आम्हाला मुक्काम करायचा नव्हता. पुण्याची एसटी धरून रात्री बहिणीकडे पोचायचे होते. ज्यांच्याबरोबर मुले किंवा गुडघे दुखणारी माणसे आहेत त्यांनी हेच करावे: चढायचे कोकणातून, उतरायचे एसटीने. उतरण गुडघ्यांना चढणीपेक्षा वाईट. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. प्रत्येकी तीन लिटर पाणी, आणि नेलेले प्लॅस्टिक परत आणावे, कारण इथे ते उचलायला कुणी येत नाही.

दादांना मात्र अंधाराच्या आत खाली जायचे होते. "शिडीनं उतरतो, लवकर होतं," म्हणाले. ठरलेले पैसे घेतले, वरचे घेईनात. नातवाने खिशात कोंबले तेव्हा घेतले. मग जरा अडखळत मुलीला विचारले, "ताई, तापाच्या गोळ्या असतील का तुमच्याकडं? पदरावर देतो जाताना."

मुलीने औषधांचा अख्खा डबाच उघडला. तापाच्या गोळ्या, जुलाबावरची पुडकी, कापूस, चिकटपट्टी, मलम. कुठली गोळी मोठ्यांना, कुठली मुलांना, किती, हे तिने वहीचे पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहून दिले आणि दोनदा वाचून दाखवले. दादांनी ते पान चार घड्या घालून टोपीत ठेवले, गोळ्या पिशवीत, पिशवी कोपरीच्या आत. पायांतली चप्पल काढून हातात घेतली, शिड्यांवर ती घसरते म्हणून, आणि ते झाडीत उतरले.

नातू कड्यापाशी उभा राहून त्यांना खाली शोधत होता. पांढरी टोपी एकदा दिसली, मग कारवीत गेली.